दीर्घकाळचा थकवा आणि हृदयविकार

नांगराचा बैल नेहमींच्या कामांत मध्येंच थबकूं लागला, तर जाणता शेतकरी त्यास आळशी न म्हणतां त्याची प्रकृति पाहतो. स्वतःच्या व घरांतील स्त्रियांच्या देहाविषयीं मात्र ही दक्षता क्वचितच दिसते.

श्रमानें आलेला शीण रात्रीच्या झोपेनें उतरतो. परंतु काम पूर्वींइतकेंच असतां शीण वाढत जाऊन विश्रांतीनेंहि तो जाईना, तर त्याचें मूळ हृदयांत असूं शकतें. हृदय दुर्बळ झालें म्हणजे हातापायांच्या स्नायूंस पुरेसें रक्त पोंचत नाहीं, व थोड्या कामानेंच ते थकतात.

अमेरिकेंत हृदयाचा झटका येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांची पाहणी २००३ सालीं प्रसिद्ध झाली. झटक्याच्या महिन्याहून अधिक काळ आधींच असाधारण थकवा जाणवूं लागल्याचें त्यांपैकीं सुमारें शेंकडा ७१ जणींनीं सांगितलें.

तथापि प्रत्येक थकवा हृदयविकाराचा नव्हे. पंडुरोग व मधुमेह यांनींहि शीण येतो. निवाडा तपासणीनेंच होतो. थकव्याबरोबर चालतांना धाप, पायांस सूज, किंवा उताणें निजल्यास श्वास कोंडणें हीं लक्षणें असल्यास विलंब न करितां डॉक्टरांकडून रक्त, रक्तदाब व हृदयाचा आलेख तपासून घ्यावा. छातींत दाब येऊन घाम सुटल्यास महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.

सुगी उरकल्यावर पाहूं, असें म्हणूं नये. बुडालेलें पीक पुढील सालीं पुन्हां घेतां येतें. गेलेला माणूस परत येत नाहीं.