नुसतं खेळायला

पहाटे साडेपाचला महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला उभं राहिलं, तर मुली पळताना दिसतात. ट्रॅक पॅन्ट, टी-शर्ट, केस घट्ट बांधलेले, एकीच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. त्यांना कुणी हटकत नाही. डेअरीला दूध घालायला निघालेले काका मोटारसायकल बाजूला घेऊन त्यांना वाट करून देतात. ती 'भरतीची पोरं' आहेत हे गावाला ठाऊक असतं. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. मिळून ५० गुण, त्यातले २० एकट्या आठशेचे. त्यामुळे या मुलींच्या बोलण्यात एकच विषय असतो, आठशेला टायमिंग किती निघालं.

आता हीच मुलगी, हीच ट्रॅक पॅन्ट, वेळ मात्र संध्याकाळी साडेपाचची.

"कुठं निघालीस गं?"

"खेळायला."

"खेळायला? मॅच हाय का कुठली?"

"नाही, नुसतं खेळायला."

पुढचा संवाद सांगायला नको. पहाटे ज्या कपड्यांना, ज्या रस्त्याला आणि ज्या घामाला कुणाची हरकत नव्हती, त्या सगळ्याला संध्याकाळी हरकत निघते. मुलीने पळण्याला आपला विरोध नाही असं आपण म्हणतो आणि ते खरंही आहे. आपला विरोध आहे तो तिने विनाकारण पळण्याला.

क्रीडा सवलतीचे गुण, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंसाठी राखीव ५ टक्के जागा, पोलीस भरती, जिल्हा संघातली निवड यांपैकी काहीतरी समोर असेल तर घरचे डबाही देतात आणि बुटांचे पैसेही. मला या सवलतींविषयी तक्रार नाही. त्यांच्यामुळे कितीतरी मुलींना उंबऱ्याबाहेर पडायला निमित्त मिळालं. पण निमित्त संपलं की खेळ संपतो. भरती झाली की, भरतीचं वय उलटलं की किंवा लग्न ठरलं की ते बूट माळ्यावर जातात. मुलाला असं निमित्त लागत नाही. तो जन्मभर गल्लीत वाईट क्रिकेट खेळतो आणि त्यातून तुझं काय होणार, असं त्याला दहावीचं वर्ष सोडलं तर कुणी विचारत नाही.

मुलींच्या आठशे मीटरची गोष्ट जुनी आहे. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ही शर्यत महिलांसाठी पहिल्यांदा ठेवली गेली. शेवटी काही धावपटू दमून गवतावर बसल्या, आडव्या झाल्या. आठशे पळून कुणीही दमतं, पण वृत्तपत्रांनी त्याचं भयानक चित्र रंगवलं आणि बायकांच्या शरीराला हे अंतर झेपत नाही असा निष्कर्ष काढून शर्यत रद्द झाली. ती परत आली १९६०मध्ये, रोमला. महिलांची मॅरेथॉन तर १९८४मध्ये आली. 'झेपत नाही' हा शब्द त्या काळी डॉक्टर आणि अधिकारी वापरत. आज आपण 'शोभत नाही' आणि 'काय मिळणार' हे शब्द वापरतो.

जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या मुलामुलींनी दिवसाला किमान तासभर दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या सर्वेक्षणांचा अभ्यास करून २०१९मध्ये निष्कर्ष मांडले. जगात सुमारे ८५ टक्के मुली आणि ७८ टक्के मुलगे या तासभरापर्यंत पोचत नव्हते. त्यात आपल्यासाठी एक कडू गंमत आहे. पुरेशी हालचाल न करणाऱ्या मुलींचं प्रमाण सर्वांत कमी असलेल्या देशांत बांगलादेश आणि भारत होते. भारतातल्या मुली मैदानावर जास्त दिसतात म्हणून हे घडलं असेल का? संशोधकांनी दिलेलं संभाव्य कारण वेगळं होतं. मुलग्यांच्या बाबतीत त्यांनी क्रिकेटसारख्या खेळांचं वेड हे कारण दिलं, मुलींच्या बाबतीत घरकाम.

म्हणजे आपली मुलगी हालचाल करते ती पाणी भरताना, फरशी पुसताना, लहान भावाला कडेवर घेऊन. शरीर चालतं, पण त्यात खेळ नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज जाणारा वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८. संध्याकाळी पाच ते सात ही मैदानाची वेळ. नेमकी तीच कणकेची, दिवाबत्तीची, नळाला पाणी येण्याची. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर मुलगी मैदानावरून गायब होते ती बरेचदा कुणी बंदी घातली म्हणून नव्हे. तिला तेवढ्यात घरातून हाक येते.

त्याच वयात शरीर बदलतं आणि यावर आपल्याकडे कुणीच नीट बोलत नाही. आई बोलत नाही, पीटीचे सर बोलूच शकत नाहीत. छाती वाढू लागलेल्या मुलीला धावताना दुखतं आणि त्याहून जास्त लाज वाटते. ती खांदे पुढे घेऊन, वाकून पळू लागते, मग ओढणी घेते आणि शेवटी कडेला बसून इतरांच्या चपला सांभाळते. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ विद्यापीठाने ११ ते १८ वयाच्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलींना याबद्दल विचारलं, तेव्हा ४६ टक्के मुलींनी छातीमुळे खेळातल्या सहभागावर परिणाम होतो असं सांगितलं. तिथे ही स्थिती, तर आपल्या आश्रमशाळांत, जिल्हा परिषदेच्या शाळांत काय असेल? उपाय आहे आणि तो अवघड नाही. अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये १९७७ साली तिघी जणींनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा सपोर्टर एकमेकांना शिवून पहिली स्पोर्ट्स ब्रा बनवली. आज ती तालुक्याच्या दुकानातही मिळते. मुलाला बॅट घेऊन देणारं घर मुलीला ती घेऊन देत नाही, कारण ती खेळाची वस्तू आहे हेच घराला माहीत नसतं.

पाळीचंही तसंच. पाळीत खेळू नये याला वैद्यकीय आधार नाही. हलक्या व्यायामाने अनेकींच्या पोटातलं दुखणं कमी होतं. खरी अडचण असते डागाची भीती, शाळेतलं पाणी नसलेलं स्वच्छतागृह आणि शनिवारचा पांढरा गणवेश. अनेक शाळांत अजूनही पीटीला पांढरी सलवार किंवा पांढरा स्कर्ट असतो. तो ठरवणाऱ्या संस्थाचालकांच्या बैठकीत बहुधा एकही बाई नसावी. परंपरेला चिकटून राहणाऱ्या विम्बल्डननेसुद्धा २०२३पासून महिला खेळाडूंना पांढऱ्या स्कर्टखाली गडद अंतर्चड्डी घालायची मुभा दिली. आपल्या शाळेला यासाठी शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही.

आणि रक्तक्षय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये हिमोग्लोबिन कमी आहे. अशी मुलगी दोन फेऱ्यांत धापा टाकते. सर म्हणतात स्टॅमिना नाही, आई म्हणते नाजूक आहे, आणि मुलगी समजते की खेळ आपला प्रांत नव्हे. तिला कमी पडतं ते लोह. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती पोटात घेते की दप्तरात टाकते, हे कुणी पाहावं. दुसऱ्या टोकाला, खूप सराव आणि कमी खाणं यांमुळे स्पर्धेत उतरणाऱ्या काही मुलींची पाळी थांबते. काही प्रशिक्षकांना ती सोय वाटते. प्रत्यक्षात तो शरीराने दिलेला इशारा असतो, कारण हाडं मजबूत व्हायची मुख्य वर्षं हीच आणि ती परत येत नाहीत.

एवढं सगळं ओलांडून मुलगी मैदानाच्या कडेला पोचली, तर मैदान भरलेलं असतं. एका कोपऱ्यात टेनिस बॉलची मॅच, दुसऱ्यात दुसरी, मधल्या जागेत फिल्डर. 'मैदान सर्वांसाठी खुले' ही पाटी खोटी नसते. पण जो आधी आला, जो मोठ्याने ओरडतो, त्याच्यासाठी ते जास्त खुलं असतं. व्हिएन्ना शहराने १९९०च्या दशकात आपल्या बागांचा अभ्यास केला, तेव्हा नऊ वर्षांवरच्या मुली बागेत येणं बंद करतात असं दिसलं, मुलगे मात्र येत राहतात. एकच मोठं मोकळं अंगण असलं की त्याचा ताबा मुलगे घेतात आणि मुली भांडत बसत नाहीत, निघून जातात. मग तिथल्या नियोजनकारांनी काही बागांत बदल केले. मोठी जागा लहान भागांत वाटली, प्रवेशाच्या वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा केली. मुली परतल्या. कुणाच्याही मनोवृत्तीवर व्याख्यान द्यावं लागलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण मुंब्र्याचं. ठाण्याजवळच्या दाट वस्तीच्या या उपनगरात 'परचम' या संस्थेने दशकभरापूर्वी मुलींचा फुटबॉल सुरू केला. बहुतेक मुली मुस्लिम घरांतल्या, सोबत इतर समाजांतल्याही. आपण फुटबॉल खेळतो हे काहींनी घरी सांगितलंही नव्हतं. खेळायला नक्की जागा नव्हती. या मुलींनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि मुलींसाठी मैदान राखून द्या अशी मागणी लोकप्रतिनिधींपुढे ठेवली. देशासाठी पदक आणतो, असं त्या म्हणत नव्हत्या. आम्हाला खेळायचंय, एवढंच म्हणणं होतं. मला ही मागणी अनेक पदकांहून मोठी वाटते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉइटर' या २०११च्या पुस्तकात मुंबईतल्या स्त्रियांबद्दल हेच दाखवलं आहे की बाईला बाहेर दिसायचं तर हातात काम असावं लागतं. नोकरी, भाजी, मुलाची शाळा. नुसतं रेंगाळायची परवानगी तिला नाही.

पालकांच्या भीतीला मात्र मी मागासलेपणा म्हणणार नाही. २०२३मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर लैंगिक छळाविरुद्ध न्याय मागत दिल्लीच्या जंतरमंतरवर बसलेल्या आपण पाहिल्या. त्यानंतर मुलीला तालमीत पाठवताना बापाचा पाय अडखळला तर तो चूक कसा? पण मुलीला घरी बसवणं हा त्यावरचा इलाज नव्हे. लैंगिक छळविरोधी २०१३च्या कायद्याने 'कामाचं ठिकाण' म्हणताना क्रीडासंस्था, स्टेडियम आणि सराव शिबिरंही त्यात धरली आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती हवीच. प्रवेश घेताना फी किती हे आपण विचारतो. त्याच दमात समितीत कोण आहे आणि बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींसोबत कोणती बाई जाते, हेही विचारायला हवं. उत्तर देताना जो क्लब गोंधळेल, तिथे पाठवू नये.

२ नोव्हेंबर २०२५च्या रात्री नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज त्या संघात होत्या. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक आणला. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबरही खो-खोतूनच पुढे आली आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी तिने गाठली. या मुलींचा अभिमान वाटावा तेवढा थोडा. पण प्रत्येक विजयानंतर गल्लीतल्या बॅट धरलेल्या पोरीला प्रश्न येतो, "काय, स्मृती व्हायचंय का?" ती 'नाही' म्हणाली तर बॅट काढून घेतली जाते. स्मृतीच्या घरात वडील आणि भाऊ क्रिकेट खेळणारे होते, त्या घरात बॅट हातात घेणं ही साधी गोष्ट होती. पदक फार नंतर आलं.

आणि बायकांनी नुसतं खेळणं आपल्या संस्कृतीत बसत नाही, हेही खोटं. मंगळागौर जागवताना नवविवाहिता रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा घालायच्या. कुणाला दमाची शंका असेल तर त्याने बस फुगडी दोन मिनिटं करून पाहावी. गोव्यात पौषातल्या रात्री बायका मांडावर धालो खेळतात. गुण नाहीत, पदक नाही, प्रेक्षक पुरुष नाहीत. अर्थात ही मोकळीक वर्षातल्या ठरावीक रात्रींचीच होती, तिचं फार कौतुक नको. आता मंगळागौरीच्याही स्पर्धा भरतात, परीक्षक बसतात, पैठणी लावतात. तिथेही निमित्त शिरलंच.

गावच्या मैदानाची किंवा सोसायटीच्या कोर्टाची सूत्रं तुमच्याकडे असतील, तर आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळची वेळ मुलींच्या नावाने फळ्यावर लिहा आणि ती पाळली जाते का ते पहिले तीन महिने स्वतः उभं राहून बघा. शाळा चालवत असाल तर जूनच्या आत पीटीचा रंग बदला. आणि घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी असेल तर पाच ते साडेसहा तिला हाक मारू नका, कणीक तिच्या भावाला मळू द्या. ती परत आल्यावर कोण जिंकलं हे जरूर विचारा, निवड कधी आहे हे मात्र विचारू नका.