निवडून आली आणि गप्प बसवली

लंडनच्या बरखास्त कौन्सिलवर लिही, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा त्यांच्या डोक्यात एक योगायोग होता. मुंबई महापालिका आजही १८८८च्या कायद्यावर चालते आणि लंडन काउंटी कौन्सिल ज्या कायद्याने जन्माला आली तोही १८८८चाच. मुंबईची पालिका टिकली, लंडनची कौन्सिल १९६५मध्ये गेली. तिच्या निवडणुकांचा इतिहास मी वाचायला घेतला आणि पहिल्याच निवडणुकीत अडकून पडले.

ढोबळ आराखडा थोडक्यात सांगते. दर तीन वर्षांनी निवडणूक. सुरुवातीला ११८ सदस्य लोकांनी निवडलेले. १८८९ ते १९०७ प्रोग्रेसिव्हांची सत्ता, म्हणजे लिबरल, मजुरांचे पुढारी आणि समाजवादी यांची आघाडी. त्यांनी ट्राम चालवल्या, झोपडपट्ट्या हटवून बाउंडरी इस्टेटसारखी वसाहत बांधली आणि १९०५मध्ये थेम्स नदीत सार्वजनिक आगबोटी सोडल्या. बोटी तोट्यात गेल्या. १९०७च्या प्रचारात विरोधकांनी करवाढ आणि उधळपट्टीचा धोशा लावला आणि सत्ता पालटली. पुढे २७ वर्षं म्युनिसिपल रिफॉर्म या नावाखाली कॉन्झर्व्हेटिव्ह गटाचा कारभार होता. १९३४मध्ये हर्बर्ट मॉरिसन यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष आला आणि शेवटपर्यंत हलला नाही.

हे सगळं कुठल्याही संदर्भग्रंथात सापडेल. मला खिळवून ठेवलं ते जेन कॉबडेन यांनी.

धान्यावरची जकात रद्द व्हावी म्हणून लढलेल्या रिचर्ड कॉबडेन यांची ही मुलगी. स्वतःच्या नावावर घरपट्टी भरणाऱ्या स्त्रियांना, म्हणजे मुख्यतः अविवाहित आणि विधवांना, काउंटी कौन्सिलसाठी मतदान करता येत होतं. उमेदवारी करता येते का, याबाबत कायद्यात स्पष्ट काहीच नव्हतं. तेवढ्या फटीतून जेन पूर्व लंडनच्या बो अँड ब्रॉम्ली या कामगारवस्तीतून उभ्या राहिल्या. त्यांच्या प्रचाराची धुरा जॉर्ज लॅन्सबरी या तरुणाने वाहिली. हेच लॅन्सबरी पुढे मजूर पक्षाचे नेते झाले. १७ जानेवारी १८८९ला जेन निवडून आल्या, ब्रिक्स्टनमधून लेडी सँडहर्स्टही आल्या. शिवाय गरिबांच्या घरांसाठी आयुष्य वेचणाऱ्या एमा कॉन्स यांना कौन्सिलने आल्डरमन, म्हणजे सदस्यांनीच निवडलेल्या सदस्य, म्हणून घेतलं.

ब्रिक्स्टनचे पराभूत उमेदवार बेरेसफर्ड होप कोर्टात गेले. स्त्री सदस्य होऊ शकत नाही, असा निकाल लागला. सँडहर्स्टबाईंना पडलेली मतं बाद झाली आणि हरलेले गृहस्थ खुर्चीवर बसले. जेन यांच्याविरुद्ध मात्र कुणी अर्ज केला नव्हता, आणि निवडणुकीला बारा महिन्यांत आव्हान मिळालं नाही तर ती वैध धरावी असा नियम होता. तेव्हा जेन आणि एमा यांनी ते वर्ष मतदान न करता काढलं. मुदत उलटली आणि दोघी कामाला लागल्या.

मग कौन्सिलचेच एक सदस्य, सर वॉल्टर डिसूझा, पुढे सरसावले. निवडणूक वैध असेल, पण अपात्र माणसाने मत दिलं तर दंड होतो, हा त्यांचा मुद्दा. कोर्टाने तो उचलून धरला. जेन यांचा २५० पौंडांचा दंड १८९१च्या अपिलात ५ पौंडांवर आला, पण तत्त्व कायम राहिलं. दंड भरू नका, तुरुंगात जा, असं लॅन्सबरी आग्रहाने सांगत होते. त्या गेल्या नाहीत. उरलेली मुदत सभागृहात येत राहिल्या, बोलल्या नाहीत, हात वर केला नाही. १८९२मध्ये पुन्हा उभ्याही राहिल्या नाहीत.

लॅन्सबरींचा सल्ला मला पटत नाही. तुरुंगाची बातमी आठवडाभर गाजली असती. मतदारांनी पाठवलेली बाई समोर बसलेली आहे आणि कायदा तिला मत देऊ देत नाही, हे दृश्य मात्र कौन्सिलला बैठकीमागून बैठक पाहावं लागलं. अडथळा दूर करणारा कायदा १९०७मध्ये झाला. १९१०च्या निवडणुकीत हेन्रिएटा अॅडलर आणि सुसान लॉरेन्स आल्या आणि या वेळी कुणालाच कोर्टात जाता आलं नाही.

त्याच सभागृहात १९ आल्डरमनही बसत. त्यांना लोकांनी निवडलेलं नसे, सदस्यच त्यांना सहा वर्षांसाठी घेत आणि दर तीन वर्षांनी साधारण निम्मे बदलत. मतदानाचा हक्क मात्र पूर्ण. आपल्याकडच्या स्वीकृत नगरसेवकांना तो नाही, आणि तो का नसावा हे लंडनचे आकडे पाहिले की कळतं. १८९५मध्ये दोन्ही बाजू ५९-५९वर अडकल्या, आधीच्या निवडणुकीतून उरलेल्या आल्डरमनांनी प्रोग्रेसिव्हांना तारलं. १९४९मध्ये मजूर ६४, कॉन्झर्व्हेटिव्ह ६४ आणि एकटे लिबरल सर पर्सी हॅरिस. पुन्हा आल्डरमनांच्या बळावर मजूर पक्षाची सत्ता राहिली.

अशी कौन्सिल मतपेटीतून हटेना, तेव्हा ती कायद्याने हटवली गेली. शहर तिच्या हद्दीबाहेर पसरलं होतं, त्यामुळे फेररचनेला कारण होतं, हे मान्य. पण कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारला उपनगरांची मतं जोडून घेण्यातही रस होता. १९६३च्या कायद्याने ग्रेटर लंडन कौन्सिल आली आणि १९६४ची पहिलीच निवडणूक मजूर पक्षाने १०० पैकी ६४ जागा मिळवून जिंकली! १९६७मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह ८२ जागांवर पोहोचले. १९८१मध्ये मजूर पक्षाला निसटतं बहुमत मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी पक्षाच्या सदस्यांनी अँड्र्यू मॅकिंटॉश यांना बाजूला सारून केन लिव्हिंगस्टन यांना नेता केलं.

थॅचर सरकारशी त्यांचं जमणं शक्यच नव्हतं. सरकारने कौन्सिल मोडायचं ठरवलं आणि त्याआधी १९८५ची निवडणूकच रद्द करणारं विधेयक आणलं. मधल्या काळात नेमलेल्या लोकांकडे कारभार द्यायचा बेत लॉर्ड्सनी हाणून पाडला, म्हणून १९८१चेच सदस्य वर्षभर जास्त राहिले. मतदान मात्र झालं नाही. ३१ मार्च १९८६ला कौन्सिल संपली.

हे वाचताना मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. २०२२च्या मार्चमध्ये आपल्या पालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं अंदाजपत्रक प्रशासकाने मांडलं, त्यानेच मंजूर केलं. कारणं वेगळी होती, प्रभागरचना आणि आरक्षणाचे खटले होते. पण तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन नगरसेवकाच्या दारात जाणाऱ्याला लंडनकरांसारखंच दार बंद मिळालं.

लंडनमध्ये ते १४ वर्षं बंद होतं. पार्लमेंटसमोरच्या नदीकाठची काउंटी हॉलची इमारत विकली गेली, तिथे हॉटेल आणि मत्स्यालय आलं. २०००च्या मे महिन्यात अख्ख्या शहराने पुन्हा मतदान केलं, या वेळी थेट महापौरासाठी. मजूर पक्षाने लिव्हिंगस्टन यांना उमेदवारी नाकारली होती. ते अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले.