रक्ताबरोबर येणारें लोह

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती कल्याणजवळच्या लष्करी छावणींत झाली व १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. सिंधी समाजांत थॅलेसेमिया या आनुवंशिक विकाराचे वाहक बरेच आढळतात. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक मूल विकारग्रस्त होण्याचा संभव चारांत एक असतो. अशा मुलाच्या रक्तांतील तांबडें द्रव्य नीट बनत नाहीं. त्याला दर तीन-चार आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें.

परंतु रक्ताच्या एका पिशवींत सुमारें २०० मिलिग्रॅम लोह असतें, आणि शरीरांतून दिवसाकाठीं एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर पडतें. मग उरलेलें सांठतें कोठें? मुख्यतः यकृतांत. तेथें फेरिटिन नांवाचें प्रथिन त्याला जणूं कुलुपांत ठेवतें. कोठार भरलें कीं लोह मोकळें हिंडूं लागतें. प्राणवायु वापरतांना पेशींत थोडें हायड्रोजन पेरॉक्साइड सदैव तयार होतच असतें. या जोडीची दाहक शक्ति इंग्रज रसायनज्ञ फेंटन यांनीं १८९४ सालींच दाखविली होती. तींतून निघणारे उग्र कण पेशींचें स्निग्ध आवरण जाळतात. जखमा भरतांना तंतु वाढतात व यकृत कठीण होतें. लोखंड गंजतें हें सर्वांस ठाऊक. येथें लोखंडच दुसऱ्यास गंजवितें! आणि तेंही बहुधा वेदनेवांचून.

म्हणून लोह बांधून बाहेर नेणारीं औषधें जन्मभर घ्यावीं लागतात. पूर्वीं तीं रात्रभर कातडीखालीं सोडावीं लागत; आतां गोळ्याही मिळतात. त्यांपैकीं कांहींनीं लघवी तांबूस होते. आई घाबरते, पण तें रक्त नव्हे, बाहेर पडणारें लोह होय.