गावाचे नाव यादीत नाही, मग टाइम झोन कोणता निवडावा?

मुरूड तालुक्यातील आगरदांडा हे राजपुरी खाडीच्या काठावरील गाव. येथून फेरीबोटीने पलीकडच्या दिघीला जाता येते. कोकण किनाऱ्यावरील अनेक घरांतील कर्ती माणसे बोटींवर किंवा आखाती देशांत नोकरीस असतात आणि संगणक व मोबाइल हेच भेटीचे साधन असते. असे यंत्र प्रथम सुरू करताना एक प्रश्न विचारला जातो : आपला टाइम झोन, म्हणजेच कालविभाग, कोणता? यादीत आगरदांडा नसते, अलिबाग नसते, काही प्रणालींत तर मुंबईही नसते. असते ते केवळ कोलकाता! मग सामान्य माणसाने काय करावे?

यामागील कारण समजून घेणे उपयुक्त ठरेल. सूर्य सर्वत्र एकाच वेळी माथ्यावर येत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे. आगरदांडा ७३ अंशांच्या जवळ असल्याने तेथील सूर्याची वेळ प्रमाणवेळेपेक्षा सरासरी ३८ मिनिटे मागे असते. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहरात ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबईची वेळ' १९५५ पर्यंत वापरात होती. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, भारताची घड्याळे एक तास पुढे होती. असे सर्व बदल नोंदवणारी एक जागतिक सूची आहे. देशांच्या सीमा बदलतात, म्हणून तीत विभागांना सामान्यतः मोठ्या लोकसंख्येच्या शहराचे नाव दिले जाते. भारताच्या विभागाला कलकत्त्याचे नाव मिळाले. २००८ मध्ये ते 'कोलकाता' असे झाले. आज संपूर्ण भारतासाठी तोच एक विभाग आहे.

निवड चुकली तर काय होते? बहुतेक प्रणाली आतून जागतिक वेळ मोजतात आणि निवडलेल्या विभागाचा फरक मिळवून आपल्याला वेळ दाखवतात. समजा, चुकून दुबई निवडले. घड्याळ दीड तास मागे दिसेल. आपण काटे हाताने पुढे सरकवले, की सारे ठीक झाल्यासारखे वाटते. पण चूक आत तशीच राहते. कुवेतमधील मुलाने संध्याकाळी सातच्या संभाषणाचे निमंत्रण पाठवले, तर ती आपल्याकडील रात्री साडेनऊची वेळ होय. आईच्या संगणकावर मात्र आठ दिसतील आणि ती माउली दीड तास पडद्यासमोर वाट पाहत बसेल. दोष ना मुलाचा, ना आईचा. तो प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा आहे.

केवळ 'अधिक साडेपाच तास' असा आकडा विचारणेही पुरेसे नाही. लंडनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. आपल्याशी असलेला फरक हिवाळ्यात साडेपाच तास, तर उन्हाळ्यात साडेचार तास असतो. स्थळ माहीत असेल, तरच यंत्राला हा बदल आपोआप करता येतो.

म्हणूनच प्रणाली घडविणाऱ्यांनी प्रथम देश विचारावा. भारत निवडला, की पुढचा प्रश्नच उरत नाही. अमेरिका वा रशियासारख्या अनेक कालविभागांच्या देशांतच शहर विचारावे. शोधताना 'मुंबई', 'बॉम्बे' किंवा 'आगरदांडा' असे काहीही लिहिले, तरी योग्य विभाग सापडावा, तोही मराठीतून. इंटरनेटच्या जोडणीवरून स्थळाचा अंदाज बांधता येतो. पण बोटीवरील उपग्रह जोडणीत तो फसू शकतो. म्हणून अखेरीस साध्या शब्दांत खात्री करावी : 'आपल्याकडे आता सकाळचे सव्वादहा झाले आहेत ना?' या प्रश्नाचे उत्तर भिंतीवरील घड्याळ पाहून कोणीही देऊ शकेल.

तोवर आपणही एक पथ्य पाळावे. संगणकाचे घड्याळ चुकीचे दिसले, तर काट्यांना हात लावण्यापूर्वी टाइम झोन तपासावा. यादीत कोलकाता दिसले, तर निःशंकपणे निवडावे; आगरदांड्याची वेळही तीच आहे.