दूध आणि डांबर

इंदापूर तालुक्यातल्या आत्याकडे सुट्टीत गेलो, की पहाटे कढईत उलथने खरवडल्याचा आवाज येई. खवा! त्यात हौस कसली? पावसाळ्यात वाटेच्या चिखलात सायकल रुते आणि डेअरीत पोचेपर्यंत दूध नासून जाई. मग आटवणेच बरे. १८८५ च्या नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापुरात ऊस आणला. पण दूध काही कालव्यातून सोडता येत नाही!

१९६७ साली मणिभाई देसाईंनी उरळी कांचनला संस्था काढली आणि संकरित गाई गोठ्यागोठ्यांत आल्या. एवढे दूध घरात जिरवायचे तरी किती? गाय आली, वाट मात्र तीच. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी सरकारी कामांवर खडी फोडून रस्ते केले खरे, पण कच्चे. पुढे २००० साली केंद्राची प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, २०१५ मध्ये राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना. त्यानंतर डांबर आत्याच्या दारापर्यंत पोचले.

आता टेम्पो गोठ्याशी येतो, दहा दिवसांनी पगार होतो. कढई माळ्यावर गेली. परवा मी चहा मागितला, तर आत्या म्हणाली, ‘‘थांब रे बाळा, आत्ताच टेम्पो गेला. शेजारून दूध आणते.’’