दातांतील रोजनिशी

रत्नागिरीजवळ भाट्ये येथे काजळी नदी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की खाडीतील वाळू उघडी पडते आणि बायका टोपल्या घेऊन तिसऱ्या वेचावयास उतरतात. त्यांतील एखादी शिंपली हातात घेऊन नीट पाहा. तिच्या पाठीवर बारीक, कमानदार रेषा दिसतील. आतील जीव शिंपलीच्या कडेला चुन्याचा नवा थर चढवितो आणि शिंपली तेवढी मोठी होते. पावसाळ्यात नदीला पूर येऊन खाडीचे पाणी गोडे झाले, म्हणजे ही वाढ मंदावते. म्हणून काही रेषा विरळ असतात, तर काही दाट. शिंपली कशी वाढली, हे तिच्या पाठीवरच उमटलेले असते.

मुलांनो, अशीच एक नोंद तुमच्या तोंडातही आहे, असे सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल काय?

दाताच्या वरचा शुभ्र थर म्हणजे दंतवल्क. मानवी शरीरात याच्याइतका कठीण पदार्थ दुसरा नाही. दात जबड्यात लपलेला असतानाच काही विशेष पेशी हे दंतवल्क घडवितात. त्यांच्या कामाची गती मात्र फार सावकाश असते. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. या पेशी दिवसाला सुमारे ४ मायक्रॉन थर चढवितात. म्हणजे एक मिलिमीटर जाडी व्हावयास सुमारे २५० दिवस लागतात!

दाताचा अतिशय पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला, तर प्रत्येक दिवसाच्या कामाची पुसट रेषा दिसते. काही दिवसांच्या अंतराने एक ठळक रेषाही आढळते. रेट्झियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या ठळक रेषांचे वर्णन केले. दोन ठळक रेषांमध्ये बहुधा आठ किंवा नऊ दिवसांचे अंतर असते. नवल असे, की एका माणसाच्या कायमच्या दातांत हे अंतर बहुधा सारखेच असते.

तुमचा पडलेला दुधाचा दात तुम्ही घराच्या कौलांवर फेकला असेल. त्या दातात तुमच्या जन्माची खूण होती. जन्माच्या वेळी बाळाच्या शरीरावर पडणाऱ्या ताणामुळे दंतवल्कात एक स्पष्ट रेषा उमटते. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेतही ती बहुधा सापडते. कारण त्या दाढेची घडण जन्माच्या सुमारासच सुरू झालेली असते.

मोठे आजारपण आले किंवा पोटभर अन्न मिळाले नाही, तर या कामात व्यत्यय येतो. मग गडद रेषा उमटते. कधी दातावर खाच किंवा खळगाही राहतो. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तेथील बालकांच्या दुधाच्या सुळ्यांवर अशा खुणा आढळल्या. त्या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. परंतु त्यांच्या बालकांनी सोसलेले कष्ट दातांनी जपून ठेवले.

दात हिरडीबाहेर आला, की दंतवल्क घडविणाऱ्या पेशी उरत नाहीत. म्हणून झिजलेले वा किडलेले दंतवल्क पुन्हा वाढत नाही. अक्कलदाढा सोडल्या, तर तुमच्या वयापर्यंत सर्व दातांचे दंतवल्क तयार झालेले असते. दोन वेळा दात घासणे का आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येईल. लहान बालकांना वेळेवर पुरेसे अन्न मिळणे किती महत्त्वाचे, हेही कळेल; कारण त्या दिवसांतील उणीव दंतवल्कात मागाहून भरून काढता येत नाही.

क्रमाक्रमाने होणारी वाढ डोळ्यांना दिसत नाही. आज सकाळी आपण कालच्यापेक्षा मोठे झालो, असे कोणालाही वाटत नाही. परंतु ४ मायक्रॉनांचे काम दिवसामागून दिवस होत राहिले, की त्यातूनच ऊस सोलणारा आणि चणे फोडणारा दात तयार होतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आजारपणाची गडद रेषा उमटली, तरी वाढ तेथे संपत नाही. तिच्या पलीकडे पुन्हा रोजच्या रेषा सुरू झालेल्या दिसतात.