अमेरिकेत आपत्तीचे नुकसान आणि प्राप्तिकर

टेक्सास-फ्लोरिडातील मराठी कुटुंबांनी वादळ-पुरानंतर हे ध्यानात ठेवावे.

● कोणते नुकसान वजावटीस पात्र? राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेल्या आपत्तीत घर, गाडी, सामानाचे झालेले. २०२६पासून राज्याने जाहीर केलेल्या काही आपत्तीही पात्र.

● मोजणी : मूळ खर्च (सुधारणांसह) आणि बाजारभावातील घट, यांतील लहान रकमेतून विम्याची भरपाई वजा करा. मग प्रत्येक घटनेमागे १०० डॉलर आणि वर्षाच्या समायोजित एकूण उत्पन्नाचे १० टक्के वजा होतात.

● उदाहरण : नुकसान ४०,००० डॉलर, विमा १५,०००, उत्पन्न ८०,०००. वजावट : २५,००० – १०० – ८,००० = १६,९०० डॉलर.

● कुठे भरायचे? फॉर्म ४६८४, तिथून आकडा शेड्यूल ए मध्ये.

● आधीच्या वर्षाचा पर्याय : राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेल्या आपत्तीच्या आदल्या वर्षाच्या विवरणपत्रात वजावट घेता येते. परतावा लवकर हाती येतो, घर उभे करायला मदत होते.

● सावधान : विमा असूनही दावा केला नाही, तर तेवढ्या नुकसानीची वजावट मिळत नाही.

● आजच करा : घराचे फोटो, खरेदीच्या पावत्या आणि विम्याची कागदपत्रे यांच्या प्रती घराबाहेर सुरक्षित ठेवा.